लहान ट्युबा : निवडीमागची पार्श्वभूमी

ट्युबा म्हटले की वाद्यवृंदातले सर्वांत अवजड पितळी वाद्य डोळ्यांसमोर येते, आणि लहान ट्युबा म्हणजे वादकाने सोयीसाठी काढलेली पळवाट, असा समज होतो. इतिहास याच्या नेमका उलट आहे. विल्हेल्म वीप्रेख्त आणि योहान मोरित्झ यांनी १२ सप्टेंबर १८३५ रोजी प्रशियात ज्या ट्युबाचे पेटंट घेतले, तो आजच्या मापाने लहानच होता : ‘एफ’ सुराचा (म्हणजे नळीचा मूळ सूर ‘एफ’ असलेला), पाच व्हॉल्व्हचा (सूर बदलणाऱ्या झडपांचा) बास ट्युबा. आणखी खालच्या ‘सी’ आणि ‘बी फ्लॅट’ सुरांचे मोठे कॉन्ट्राबास ट्युबा त्यानंतरचे. वाग्नरने ‘रिंग’ या ऑपेरामालिकेत कॉन्ट्राबास ट्युबा स्पष्ट मागितला आहे, तिथे लहान वाद्य अपुरेच पडते.

फ्रेंच संगीतकार बर्लिओझची ‘सिंफनी फँटास्टिक’ (१८३०) तर ट्युबाच्याही आधीची. तिच्यात आज ट्युबावर वाजणारे भाग ऑफिक्लाइड या जुन्या पितळी वाद्यासारख्या अरुंद नळीच्या, बासून या खालच्या सुरांच्या लाकडी फुंकवाद्याशी सहज मिसळणाऱ्या वाद्यांसाठी लिहिलेले होते. रुंद नळीच्या मोठ्या ट्युबावर ते वाजवले, तर सूर अचूक लागूनही बासून झाकोळून जातात, आणि माझ्या मते ही हानी एखाद्या चुकलेल्या सुराहून मोठी आहे.

फ्रान्समध्ये पुढे आजच्या वाद्यवृंदातल्या ‘सी’ ट्युबाच्या एक सप्तक वरचा, सहा व्हॉल्व्हचा छोटा ‘सी’ ट्युबा रूढ झाला. मुसोर्गस्कीच्या ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’चे वाद्यवृंदासाठी रूपांतर करताना (१९२२) रावेलने ‘बिद्वो’ या बैलगाडीच्या चित्राचे एकल वादन ट्युबाला दिले, ते याच वाद्याच्या परंपरेत. त्यातला सर्वांत वरचा जी शार्प काढायला मोठ्या, दुप्पट लांबीच्या नळीत दुप्पट क्रमांकाचा उपस्वर (एकाच नळीत ओठांच्या ताणाने निघणाऱ्या चढत्या सुरांपैकी एक) गाठावा लागतो; तिथे उपस्वर इतके दाटीने असतात की ओठांचा ताण जरा ढळला तरी शेजारचा सूर लागतो.

इंग्लंडमध्येही ‘एफ’ ट्युबा दीर्घकाळ वाद्यवृंदात होता, आणि व्हॉन विल्यम्सचा ट्युबा कॉन्चेर्तो (ट्युबा आणि वाद्यवृंदासाठीची रचना, १९५४) त्या काळातला आहे. ब्रास क्विंटेटमध्ये, म्हणजे पाच पितळी वाद्यांच्या संचात, तर दोन ट्रम्पेट, एक हॉर्न आणि एक ट्रॉम्बोन यांच्याखाली एकटा ट्युबा असतो. तिथे जाड आवाजापेक्षा चपळ, स्पष्ट बास हवा असल्याने अनेक वादक ‘एफ’ किंवा ‘ई फ्लॅट’ ट्युबा घेतात.

वाद्यवृंदात मात्र एकाच मैफलीत लहान आणि मोठा अशा दोन्ही ट्युबांची गरज उभी राहते. म्हणूनच ‘बिद्वो’पुरता लहान ट्युबा किंवा युफोनियम (ट्युबासारखेच छोटे पितळी वाद्य) हाती घेऊन त्याच रचनेच्या शेवटच्या ‘कीव्हच्या महाद्वारा’साठी मोठ्या ट्युबाकडे परतण्याची पद्धत आहे.