ख्रिस्ती धर्माचरण आणि तंत्रज्ञान

उपासना, शास्त्रवाचन, प्रार्थना व सेवाकार्य यांसाठी ख्रिस्ती व्यक्तींनी आणि मंडळ्यांनी (चर्चच्या समुदायांनी) आपापल्या काळातील नवी साधने वापरण्याची प्रथा. हस्तलिखित पुस्तकापासून मोबाइल ॲपपर्यंतचा विस्तार तीत येतो. तिचा शास्त्राधार सहसा बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात शोधतात. निवासमंडप (इस्राएली लोकांचे तंबूरूपी उपासनास्थान) घडवणारा बसालेल देवाच्या आत्म्याने भरलेला होता आणि त्यातूनच त्याला धातूकाम, रत्नकाम व लाकूडकाम यांचे कौशल्य मिळाले, असे तेथे म्हटले आहे. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचे ३१ वे प्रकरण तर मठातील अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपायला सांगते. (‘प्रार्थना आणि श्रम’ हे बेनेडिक्टपंथीयांचे ब्रीद मात्र नियमावलीत शब्दशः नाही, ते नंतरचे आहे.)

या प्रथेचा सर्वांत जुना आणि सर्वांत वादग्रस्त पुरावा म्हणजे कोडेक्स, म्हणजेच पाने दुमडून, शिवून केलेले पुस्तक. ते ख्रिस्ती लोकांनी शोधले नाही. रोमन कवी मार्शल पहिल्या शतकाच्या नवव्या दशकातच एका हातात मावणाऱ्या चर्मपत्री पुस्तकांची वाखाणणी करतो. तथापि दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत ग्रीक वाङ्मय मुख्यतः गुंडाळ्यांवर लिहिले जात असताना, ख्रिस्ती शास्त्रलेख मात्र जवळजवळ सर्व कोडेक्सच्या रूपात आढळतात. असे का, यावर एकमत नाही. अभ्यासक सी. एच. रॉबर्ट्‌स यांनी आधी त्याचा संबंध मार्ककृत शुभवर्तमानाशी (येशूच्या चरित्रग्रंथाशी) जोडला होता. १९८३ मध्ये टी. सी. स्कीट यांच्यासह लिहिताना त्यांनी ते मत सोडले. स्कीट यांनी पुढे चार शुभवर्तमाने एकत्र ठेवण्याच्या गरजेवर भर दिला, तर हॅरी गॅम्बल यांनी प्रेषित पौलाच्या पत्रांच्या संग्रहावर. रॉजर बॅग्नॉल यांना (२००९) हा मूलतः रोमन सवयीचा प्रसार वाटतो. शिवाय अनेक ख्रिस्ती पपायरसांची (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरील लेखांची) कालनिश्चिती अवाजवी जुनी आहे, असे ते म्हणतात. हा इशारा रास्त आहे, कारण पुरावा बहुतांशी इजिप्तच्या कोरड्या मातीतला आहे. तरीही गॅम्बल यांचे मत अधिक सयुक्तिक दिसते. हवे ते पत्र चटकन उघडता येणे ही सोय पत्रसंग्रहालाच सर्वाधिक उपयोगी होती. पौलाच्या नावे असलेल्या २ तीमथ्य या पत्रात (४:१३) ‘विशेषतः चर्मपत्रे’ मागवली आहेत. ती अशी वह्याच असावीत, असेही काहींचे मत आहे.

पपायरस ४६ या पौलाच्या पत्रांच्या संग्रहात (सामान्यतः इ. स. २०० च्या सुमाराचा मानला जातो) हे तंत्र प्रत्यक्ष पाहता येते. ५२ ताव एकावर एक ठेवून मध्ये दुमडले की १०४ पाने होतात; त्यांपैकी ८६ उरली आहेत. एकच जुडी असल्याने मजकूर किती जागा घेईल हे लेखनिकाला आधीच ठरवावे लागे. या लेखनिकाचा अंदाज चुकला असावा: उत्तरार्धात पानावरच्या ओळी वाढत जातात आणि अक्षरे दाटतात.

यांत्रिक घड्याळाचे मूळ मठांतील प्रार्थनावेळांत आहे, हा तंत्रज्ञानाचे अभ्यासक लुईस ममफर्ड यांचा (१९३४) सिद्धांत प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधील डन्स्टेबल येथील मठात १२८३ मध्ये घड्याळ बसवल्याची नोंद त्याला पूरक आहे, पण ते निश्चितपणे यांत्रिकच होते असे म्हणता येत नाही. मुद्रणाचा इतिहास सर्वश्रुत आहे. गुटेनबर्ग यांचे ४२ ओळींचे बायबल १४५५ च्या सुमारास पूर्ण झाले.

चर्चमधील उपासनेचे पहिले रेडिओ प्रक्षेपण २ जानेवारी १९२१ रोजी पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी चर्चमधून झाले, असे सामान्यतः मानतात. उपासकांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून तंत्रज्ञांनी गायकवृंदाचे झगे घातले होते, असे सांगतात. मार्कोनी यांनी उभारलेले व्हॅटिकन रेडिओ केंद्र १२ फेब्रुवारी १९३१ रोजी सुरू झाले. २००८ मध्ये यूव्हर्शनचे बायबल ॲप आले. अंध वाचकासाठी हा बदल फार मोलाचा आहे. ब्रेल लिपीतील संपूर्ण बायबल अनेक जाडजूड खंडांचे होते आणि त्याला कपाटभर जागा लागे. आता तेच शास्त्र खिशातला फोन वाचून दाखवतो.

वचन दूरवर नेता येते, पण संस्कारांचे (बाप्तिस्मा, प्रभुभोजन अशा पवित्र विधींचे) काय, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. इंटरनेटवर संस्कार नसतात, असे कॅथलिक चर्चच्या २००२ च्या अधिकृत निवेदनात स्पष्ट म्हटले आहे. २०२० च्या महासाथीत मिस्सा (प्रभुभोजनाची कॅथलिक उपासना) पडद्यावर पाहणाऱ्यांना म्हणूनच केवळ आध्यात्मिक सहभागाची प्रार्थना सुचवली गेली. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी मात्र घरोघरी भाकरी व द्राक्षारस समोर ठेवून प्रभुभोजन घेतले. दोन्हीकडची तळमळ खरी होती. संगणकाच्या साहाय्याने श्रद्धेची सेवा करणारा किशोर कार्लो अकुतिस (१९९१–२००६) याला ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत घोषित करण्यात आले. त्याचे संकेतस्थळ प्रभुभोजनाशी निगडित चमत्कारांची माहिती देणारे होते.

साधे, पारंपरिक जीवन जगणाऱ्या अमिश या ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्यांचा मार्ग वेगळा, पण याच प्रथेत मोडणारा आहे. त्या यंत्रे सरसकट नाकारतात हा समज चुकीचा आहे. यंत्रामुळे कुटुंब आणि मंडळी जवळ येतील की दुरावतील, हे पाहून त्या निवड करतात. त्यामुळे अनेक वस्त्यांत टेलिफोन घरात नसतो, तर वाटेच्या कडेला लाकडी खोपटात असतो. निरोप पोचतो, पण जेवताना घंटी वाजत नाही. असे नियम मंडळीगणिक बदलतात आणि त्यांना दरवर्षी दोनदा, प्रभुभोजनाआधीच्या सभेत, सर्व सदस्यांची संमती घेतली जाते.