पार्श्वभूमी: टर्की भाजण्याआधीचे ब्राइनिंग

मांस मिठात किंवा मिठाच्या पाण्यात मुरवणे हा शीतकपाट येण्यापूर्वीचा टिकवणुकीचा उपाय होता. हॅम (खारवलेले डुकराचे मांस) आणि कॉर्न्ड बीफ (खारवलेले गोमांस) त्याच परंपरेतले. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणाच्या टर्कीसाठी अमेरिकेतील घरांत आज जे ब्राइनिंग, म्हणजे असे मिठात मुरवणे, होते, त्याचा हेतू मात्र टिकवणे हा नाही. भाजताना मांस कोरडे पडू नये, एवढ्यासाठीच ते केले जाते. म्हणूनच त्याचा इतिहास फार मागे न जाता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच शोधावा लागतो.

विसाव्या शतकाच्या मध्यावर टर्कीच्या रुंद छातीच्या, पांढऱ्या पिसांच्या जातीने बाजार व्यापला. पांढरे मांस भरपूर मिळू लागले, पण त्यात चरबी अत्यल्प असते. छातीचे मांस सुमारे 65 अंश सेल्सिअसच्या पुढे झपाट्याने रस सोडू लागते, तर मांडीचे मांस मऊ होण्यासाठी त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. त्यातच अख्खा पक्षी 82 अंशांपर्यंत शिजवावा, असा अधिकृत सल्ला अनेक वर्षे दिला जात होता, आणि तो पाळणाऱ्याच्या ताटात कोरडी छाती येणे जवळजवळ ठरलेलेच होते. प्रक्रिया उद्योगाने यावर पक्ष्यात खारे द्रावण टोचण्याचा मार्ग काढला. घरी मात्र वरचेवर रस ओतत राहण्यापलीकडे फारसे काही हाती नव्हते.

1990च्या दशकात पाककलेच्या मासिकांतून आणि पुढे दूरचित्रवाणीवरून पाण्यातले ब्राइनिंग घरोघरी पोहोचले. एक लिटर पाण्याला 50 ते 60 ग्रॅम मीठ, अख्खी टर्की बुडेल एवढे भांडे, 12 ते 24 तास आणि 4 अंशांच्या आतले तापमान, अशी त्याची साधारण रीत होती. ते ‘ऑस्मोसिस’मुळे, म्हणजे कमी खाऱ्या बाजूचे पाणी जास्त खाऱ्या बाजूकडे पाझरल्यामुळे, साधते, हे तेव्हाचे लोकप्रिय स्पष्टीकरण अपुरे होते, कारण केवळ ऑस्मोसिस घडले असते तर उलट मांसातलेच पाणी बाहेर गेले असते. प्रत्यक्षात मीठ हळूहळू आत झिरपते आणि स्नायूंतील काही प्रथिने सैल करते. अशी प्रथिने तापल्यावर कमी आकसतात आणि पाणी धरून ठेवतात. पक्षी थोडा जास्त शिजला तरी रसाळ राहतो, ही या पद्धतीची खरी कमाई होती आणि ती नाकारता येणार नाही. मात्र पाण्याने चव पातळ होते, ओली कातडी कुरकुरीत होत नाही आणि तळाशी उतरलेला रस ग्रेव्हीसाठी फार खारट होतो, या तक्रारीही तितक्याच खऱ्या आहेत.

2006 मध्ये अधिकृत किमान तापमान सुमारे 74 अंशांवर आणले गेले आणि पाण्यातल्या ब्राइनिंगची निकड बरीच कमी झाली. साधारण त्याच सुमारास नुसते मीठ चोळून पक्षी दोन-तीन दिवस शीतकपाटात उघडा ठेवण्याची पद्धत लोकप्रिय झाली आणि तिला ‘ड्राय ब्राइन’ म्हटले जाऊ लागले. या नावावरचा वाद अजून मिटलेला नाही. ब्राइन म्हणजे मिठाचे पाणी, मग ते कोरडे कसे असेल, हा आक्षेपकांचा प्रश्न आहे. त्यावर समर्थकांचे उत्तर असे, की मीठ आधी मांसातला ओलावा पृष्ठभागावर खेचते, त्यात विरघळते आणि तेच खारे पाणी पुन्हा आत मुरते, म्हणजे ब्राइन तयार होतेच. हे उत्तर रसायनाच्या दृष्टीने बरोबर असले तरी नाव दिशाभूल करणारेच आहे, कारण पाण्यात ठेवलेल्या पक्ष्याचे वजन वाढते, तर मीठ चोळलेल्या पक्ष्यात बाहेरचे थेंबभरही पाणी जात नाही. मराठीतल्या ‘खारवणे’ या क्रियापदात दोन्ही कृती सामावतात, त्यामुळे मराठीत ही विसंगती जाणवत नाही. पण फरक शब्दापुरता नाही. सात लिटर द्रावणाला 400 ग्रॅमच्या आसपास मीठ लागते, तर चोळण्यासाठी पक्ष्याच्या वजनाच्या सुमारे एक टक्का, म्हणजे सहा किलोच्या टर्कीला 60 ग्रॅम, पुरेसे होते. दोन्हींना ब्राइन म्हटल्याने पाण्याच्या कृतीचे प्रमाण चोळण्याच्या कृतीत वापरले गेले, तर पक्षी खाण्यायोग्य राहत नाही.

गोंधळात भर पडली ती कोशर मिठाची. त्याचे नाव मांसातले रक्त काढून घेण्याच्या ज्यू धार्मिक पद्धतीवरून आले आहे. त्याचे हलके पापुद्रे एका कपात बारीक मिठापेक्षा कमी वजनाचे, काही ब्रँडचे तर जवळपास निम्म्याच वजनाचे, मावतात, त्यामुळे कपाने दिलेले प्रमाण मीठ बदलताच चुकते. कोशर टर्की (याच धार्मिक पद्धतीने तयार केलेली) आणि द्रावण टोचलेली टर्की या दोन्हींना आधीच मीठ लागलेले असते. त्यामुळे अशा पक्ष्याला ओले किंवा कोरडे कोणतेही ब्राइनिंग करू नये, ही सूचना जुन्या कृतींत नेहमीच नसे. आता ती अनेक कृतींत दिलेली असते.