दशावताराचं रेकॉर्डिंग आणि कॉपीराइट

सिंधुदुर्गातल्या जत्रांत रात्रभर चालणारं दशावतारी नाटक शूट करून त्याच्या कॉप्या फिरवणं, आणि त्यातून पैसे कोणाला मिळतात नि कोणाला नाही, हा या नोंदीचा विषय. आधी कॅसेटी होत्या, मग व्हीसीडी, मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड 'भरून' मिळायला लागलं, आता सरळ लाइव्हच.

हक्क कोणाचा म्हटलं की मुळात खेळ कोणाचा इथेच गाडी अडते. १७२८ च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातल्या आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी तो कर्नाटकातून आणला असं जुने कोश सांगतात, काहीजण गोरे आडनावाच्या गृहस्थांचं नाव घेतात. पण दासबोधात दशावतारी खेळणाऱ्यांचा उल्लेख आहे आणि तो सतराव्या शतकातला, त्यामुळे १७२८ ही सुरुवात नसून फारतर इकडे घडी बसल्याची तारीख असावी, हे जास्त पटतं. कायद्याला अर्थात याच्याशी देणंघेणं नाही, इतकं जुनं ते सगळ्यांचंच.

खरी गोची संहितेची. ती नसतेच. रंगपटात (नट रंगतात त्या जागी) कथा ठरते, संवाद उभ्या उभ्या सुचतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाट्यकृती म्हणजे लिहून किंवा दुसऱ्या कुठल्या प्रकारे पक्की केलेली, मग नारद आणि राक्षसाची तासभर रंगलेली जुगलबंदी रेकॉर्ड होईपर्यंत त्यात बसते का, यावर वाद घालता येईल. नटाला मात्र स्वतःचा वेगळा हक्क आहे, १९९४ च्या दुरुस्तीने आलेला, तेव्हा २५ वर्षांचा, १९९९ च्या दुरुस्तीने ५० वर्षांचा. घरी बघायला शूट केलं तर चालतं, धंदा करायचा तर त्याची परवानगी हवी. कलाकारांच्या व्याख्येत गारुडी आणि जादूगारसुद्धा आहेत, तेव्हा संकासुराला, म्हणजे दशावतारातल्या राक्षसाच्या सोंगाला, हरकत नसावी! ट्रिकसीनची (चमत्काराच्या प्रसंगाची) युक्ती मात्र व्हिडिओ बघून दुसऱ्या नाटक कंपनीने उचलली तर कॉपीराइट कामाला येत नाही, तो कल्पनेला नसतोच.

अर्थशास्त्राचं म्हणणं, पहिली प्रत महाग (टेम्पो, पेटारे, पखवाजवाला, पेटीवाला), दुसरी जवळजवळ फुकट. गाण्यांच्या फुकट डाउनलोडबद्दल २००७ मधे ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ या अर्थतज्ज्ञांना विक्रीवर फरक दिसला नाही, लीबोविट्झ या दुसऱ्या अर्थतज्ज्ञाने त्यांच्या पद्धतीलाच आक्षेप घेतला. गाण्यांपुरते लीबोविट्झ बरोबर वाटतात, नंतरच्या बहुतेक अभ्यासांतही नुकसान दिसलंय. पण जत्रेतल्या दशावताराला तिकीट नसतं, पैसे देवस्थान किंवा नवस फेडणारा देतो, त्यामुळे मुंबईतल्या चाकरमान्याने लोकलमधे फुकट बघितलं म्हणून कंपनीचा रुपया बुडत नाही, उलट त्यातलाच एखादा पुढच्या वर्षी नाटक ठरवतो. बुडतात ते व्हिडिओवरच्या जाहिरातींचे पैसे. मंडपाच्या खांबाला सुतळीने फोन बांधून खाजं खात बसलेल्या चॅनलवाल्याला ते महिनोन्‌महिने मिळत राहतात, आणि 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' असा नट एका रात्रीचं मानधन घेऊन पुढच्या जत्रेच्या टेम्पोत बसलेला असतो.