प्रोसेसर येतो तो वऱ्हाड घेऊन

एचपीचा डीएल३८०पी जेन८ हा २०१२ सालचा सर्व्हर. दोन सॉकेटांचा (म्हणजे प्रोसेसर बसवायच्या दोन जागा), पण अनेक ठिकाणी एकाच प्रोसेसरवर चालणारा. समजा त्यात इंटेलचा झिऑन ई५-२६०९ आहे: चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे गाभे), ८० वॉट. त्याच सॉकेटात २०१३ चा ई५-२६९७ व्ही२ बसतो: बारा कोअर, १३० वॉट. जुन्या बाजारात तो मूळ किमतीच्या किरकोळ हिश्श्यात मिळतो. दोन घेतले की चाराचे चोवीस कोअर! मोह होणारच.

सॉकेटचं नाव एलजीए २०११. हे साल नव्हे, पिनांची संख्या आहे. गंमत अशी की २०१४ च्या व्ही३ प्रोसेसरलाही तेवढेच संपर्कबिंदू आहेत, पण त्याचा सॉकेट वेगळा (२०११-३), खाचा वेगळ्या आणि मेमरी डीडीआर४, म्हणजे पुढच्या पिढीची. मागणी नोंदवताना व्ही२ ऐवजी व्ही३ लिहिलं गेलं, तर हातात येतो तो महागडा पेपरवेट.

सॉकेट जुळला तरी बायॉस, म्हणजे संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली, नव्या पाहुण्याला ओळखतो का, हा प्रश्न उरतोच. म्हणून जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायॉस अद्ययावत करायचा. हा क्रम मी एकदा चुकवला. पंखे विमानासारखे घोंघावले, स्क्रीन मात्र काळाच. रात्री अकराला जुना प्रोसेसर परत बसवायची पाळी आली, आणि प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट संपलेली!

आता उष्णता. जुन्या शंभर वॉटच्या पिवळ्या बल्बला चुकून हात लागलेल्यांना चटका आठवत असेल. इथे त्याहून जास्त उष्णता एका छोट्याशा तुकड्यातून बाहेर काढायची आहे. हीटसिंक (प्रोसेसरवरचा उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) उचलला की खाली वाळून कडक झालेली राखाडी पेस्ट दिसते. ती पूर्ण पुसून नवी पातळ लावायची, आणि हीटसिंक १३० वॉटसाठीचाच आहे ना, हे पाहायचं. जुना दिसायला तसाच असतो, म्हणून घोटाळा होतो.

या सर्व्हरात पंख्यांच्या सहा जागा आहेत. एका प्रोसेसरला चार पंखे पुरतात. उरलेल्या दोन जागी प्लास्टिकचे ठोकळे असतात. ते उगाच नाहीत. हवा नेहमी सोपी वाट शोधते. मोकळं भोक मिळालं तर गरम हीटसिंकमधून जाण्याऐवजी ती तिथूनच मागे फिरेल. दुसरा प्रोसेसर आला की ठोकळे काढून तिथे खरे पंखे बसवावे लागतात.

मेमरीचं गणित मला सगळ्यात रंजक वाटतं. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटातच असतो, त्यामुळे मेमरी पट्ट्यांच्या २४ खाचांपैकी १२ एकाच्या, १२ दुसऱ्याच्या. दुसरा सॉकेट रिकामा असेपर्यंत त्याच्या बारा खाचा मुक्याच, आणि दुसऱ्या रायझरवरची (जादा कार्डं बसवायच्या उभ्या पट्टीवरची) कार्डंही. दुसरा प्रोसेसर घातला, पण सगळ्या मेमरी पट्ट्या पहिल्याकडेच ठेवल्या, तर दुसऱ्याला दरवेळी शेजारी विरजण मागायला जावं लागतं. मिळतं, पण उशिरा. प्रत्येकाला मेमरीकडे जाणाऱ्या चार वाटा, म्हणजे चॅनेल, असल्यानं किमान चार-चार पट्ट्या वाटून द्याव्यात.

विजेचंही पाहावं. ८० चे २६० वॉट, म्हणजे १८० ची वाढ. वर्षभर पूर्ण ताणावर चाललं तर दीड हजाराहून जास्त युनिटं, एसी वेगळा. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात ते एक गेला तरी दुसऱ्यानं एकट्यानं सगळा भार उचलावा म्हणून. तेव्हा दोघांच्या वॉटची बेरीज करून समाधान मानू नये.

आणि लायसन्स. विंडोज सर्व्हर २०१६ पासून ते कोअरवर मोजलं जातं, सर्व्हरमागे किमान सोळा. चार कोअर असतानाही सोळांचे पैसे भरले होते. चोवीस झाल्यावर दोन-दोन कोअरचे आणखी चार पॅक लागतात. जुन्या बाजारातल्या प्रोसेसरपेक्षा हेच सहज महाग पडतात. हिशेब विभागाला हे आधी सांगितलेलं बरं. बिल आल्यावर कळलं, तर ते दुसरा प्रोसेसर काढून ठेवायला सांगतात.