ड्राऊची जादू आणि तिची बदलती किंमत

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं रंगवून टेबलावर खेळायच्या खेळात कुणी ‘मी ड्राऊ घेतो’ म्हणालं की जुन्या डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) कपाळावर अजूनही एक आठी पडते. जमिनीखाली राहणारा हा एल्फ फायटर असो वा चोर, स्पेलबुक (मंत्रांची वही) न उघडता काळोख पाडतो, शत्रूच्या अंगाभोवती जांभळट उजेड पेटवतो. बाकीच्यांना त्यासाठी जादूगार व्हावं लागतं. मग या जन्मजात जादूची किंमत वसूल कशी करायची? या खेळाला हा प्रश्न पन्नास वर्षं छळतोय.

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ आला, तेव्हा एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग अशा वंशांकडे जादू अशी फारशी नव्हती. होते ते छोटे फायदे. त्यांचा हिशोब लेव्हलच्या (पात्र चढत जातं त्या पायऱ्यांच्या) मर्यादेने चुकता व्हायचा: ड्वार्फ फायटर सहाव्या लेव्हलवर थांबे, हाफलिंग चौथ्यावर, माणसाला मात्र मोकळं रान. गायगॅक्सला जग माणसांचंच हवं होतं आणि ते त्याने लपवलं नाही. पण ही सगळी उधारी होती. फायदा पहिल्या दिवसापासून, दंड कधीतरी पुढे. बहुतेक मोहिमा तिथवर पोचतच नाहीत. सावकार वसुलीला येईतो गाव उठलेलं असायचं. पुढच्या आवृत्तीत तर एल्फ चोराला मर्यादाच नव्हती.

ड्राऊ आले 1978 च्या साहसकथांमधून, शत्रू म्हणून. माझ्या मते पुढचा सगळा घोळ इथेच आहे. नाचते दिवे, अंगाभोवतीचा उजेड आणि काळोख, प्रत्येकी दिवसातून एकदा. शिवाय जादूला 50 टक्के प्रतिकार, वर दर लेव्हलमागे 2 टक्के. शत्रू म्हणून हे अगदी ठीक. तो एकाच लढाईत भेटतो आणि बहुधा तिथेच मरतो, म्हणजे त्याच्यासाठी ‘दिवसातून एकदा’चा अर्थ आयुष्यातून एकदा. 1985 मध्ये हाच वंश खेळाडूंसाठी खुला झाला आणि तीच ताकद रोज सकाळी नव्याने भरून यायला लागली. तोल म्हणून काय होतं? उजेडात डोळे दिपतात. डंजनमध्ये, म्हणजे भुयारांत, खेळल्या जाणाऱ्या खेळात सूर्याची शिक्षा!

2000 साली तिसऱ्या आवृत्तीने लेव्हलच्या मर्यादा उडवल्या आणि थोड्याच काळात वसुली रोखीत सुरू झाली. या पद्धतीचं नाव लेव्हल अ‍ॅडजस्टमेंट. ड्राऊला अधिक दोन, म्हणजे दोन लेव्हल मागे; टीफलिंग या वंशाला अधिक एक. कागदावर चोख हिशोब, टेबलावर बघा. पार्टी पाचव्या लेव्हलची असेल, तर ड्राऊ जादूगार प्रत्यक्षात तिसऱ्याच लेव्हलचा. शेजारी बसलेला माणूस-जादूगार फायरबॉल हा तिसऱ्या पातळीचा स्पेल टाकतो, याची मजल अजून दुसऱ्या पातळीच्या स्पेलपर्यंत. सरासरी हिट पॉइंट (किती मार सोसता येतो ते) त्याचे चौदा, याचे नऊ. एका दणक्यात आडवा. मग जखमा बऱ्या करणारा क्लेरिक धावत येतो, पण ड्राऊचा स्पेल रेझिस्टन्स (जादूला प्रतिकार) औषधाच्या जादूलाही आडवा येतो: शुद्धीवर असेल तर त्याने स्वतःची पाळी खर्चून तो खाली करायचा, नाहीतर क्लेरिकने त्यावर मात करणारा रोल टाकायचा. हे सगळं कशासाठी, तर दिवसातून एकदा काळोख पाडता यावा म्हणून. बाराव्या लेव्हलला त्या काळोखाला कुणी विचारत नाही, दोन लेव्हलची तूट मात्र तशीच. 2004 मध्ये एक्सपी (अनुभवाचे गुण) भरून ही तूट फेडायचा पर्यायी नियम आला. किंमत चुकली होती, याची ती कबुलीच म्हणायची.

खरं दुखणं हे, की जन्मजात जादू सुरुवातीला जड असते आणि पुढे हलकी होत जाते, किंमत मात्र दरवेळी ठरीव लावली गेली. पाथफाइंडर या डंजन्स अँड ड्रॅगन्सवरूनच निघालेल्या खेळाने 2012 मध्ये वंशांच्या गुणांना पॉइंट लावले. नेहमीचे वंश दहाच्या आसपास, ड्राऊ चौदा. तुलनेला उपयोगी, पण दुखणं तेच.

चौथ्या आवृत्तीने 2008 मध्ये किंमत लावणंच सोडून दिलं. प्रत्येक वंशाला काहीतरी द्या, म्हणजे कुणी तक्रार करणार नाही. एलाड्रिन या एल्फसारख्या वंशाला दर लढाईत एकदा पंचवीस फूट गायब होऊन पलीकडे उगवता येई, ड्राऊला काळोख किंवा उजेड यातलं एकच काहीतरी. अनेकांना हे यांत्रिक वाटलं. मला ते प्रामाणिक वाटतं.

पाचव्या आवृत्तीची 2014 ची युक्ती साधी होती: जादू हप्त्याने द्यायची. पहिल्या लेव्हलला नाचते दिवे, तिसऱ्याला उजेड, पाचव्याला काळोख. पहिल्याच लढाईत काळोख पाडून सगळ्यांचा विचका करणारा ड्राऊ त्यामुळे संपला. तरी उन्हाची शिक्षा होतीच, आणि दिवसातून एकदाची अटही. 2021 पासून नव्या वंशांना मिळालेले असे स्पेल स्वतःचे स्लॉट (स्पेल टाकायचा रोजचा ठरलेला कोटा) खर्चून पुन्हा टाकायची मुभा आली, त्यामुळे जादूगारासाठी ते उतारवयातही कामाचे राहिले.

2024 च्या नियमांत ‘रेस’ शब्द जाऊन ‘स्पीशीज’ आला. ड्राऊ हा एल्फचा तीनपैकी एक प्रकार झाला. काळोखाच्या बरोबरीने हाय एल्फला पाचव्या लेव्हलला मिस्टी स्टेप (क्षणात गायब होऊन पलीकडे उगवणं) मिळते, वुड एल्फला माग न सोडता चालण्याचा स्पेल. उन्हाची अट पुसली गेली. आता भर दुपारी बारालाही ड्राऊचा बाण सरळ जातो.