हॅथवे कॉटेज
इंग्लंडच्या वॉरिकशर परगण्यातील शॉटरी गावचे, लाकडी सांगाड्याचे व शाकारलेले शेतघर. विल्यम शेक्सपिअरची पत्नी ॲन हॅथवे हिचे हे माहेर. बारा खोल्यांच्या या घराचे मूळ नाव ह्यूलँड्स फार्म. ‘कॉटेज’ हे मागाहून रूढ झाले. १८९२ पासून ते शेक्सपिअर जन्मस्थळ न्यासाकडे आहे. १९६९ च्या आगीनंतर त्याची दुरुस्ती झाली.

घराचा सखल भाग सर्वांत जुना असून त्याची बांधणी सामान्यतः १४६३ च्या सुमाराची मानतात. उंच भाग ॲनचा भाऊ बार्थोलोम्यू हॅथवे याने घर विकत घेतल्यावर (१६१०) वाढवला असावा. धुराड्यावर १६९७ हे साल कोरलेले आहे.

जुन्या भागाचे खरे वैभव म्हणजे त्याची ‘क्रक’ कैची. ओकचे बाकदार खोड उभे चिरून निघालेल्या दोन जुळ्या फाकी समोरासमोर उभ्या करतात. बुंधे जोत्यावर, शेंडे आढ्याखाली. छपराचा भार या फाकींवाटे थेट जोत्यात उतरतो. भिंत नुसता आडोसा, म्हणून तिला कूड पुरतो.

क्रकचा उगम वादग्रस्त आहे. ही घरे इंग्लंडच्या पश्चिम व मध्य भागांत आणि वेल्समध्ये विपुल, पूर्व आणि आग्नेय भागांत जवळजवळ नाहीत. त्यावरून जुन्या अभ्यासकांनी ती केल्टिक (इंग्रजांपूर्वीच्या ब्रिटनवासीयांची) परंपरा ठरवली. मात्र वृक्षवलयांवरून काळ ठरलेल्या क्रक इमारती तेराव्या शतकामागे सहसा जात नाहीत. बाकदार झाडे तिकडेच होती, हा खुलासाही तोकडा पडतो. ओक पूर्वेकडेही होता. जमिनीत पुरलेले खांब कुजू लागल्याने सुतारांनी ही रीत काढली, हे मत अधिक पटण्याजोगे.

ओक ओला असतानाच घडवतात. वाळल्यावर तो हत्याराला दाद देत नाही. कूस (लाकडाचे जिभेसारखे टोक) आणि ती जीत बसते ती खाच यांची भोके मुद्दाम किंचित पुढेमागे पाडतात. खुंटी ठोकली की सांधा आवळला जातो आणि लाकूड आकसले तरी सुटत नाही. कुडात ओकच्या कामट्या उभ्या, त्यांत हेझल या झुडपाच्या लवचीक काठ्या विणलेल्या. वर माती, शेण आणि चिरलेले काड यांचा लेप, शेवटी चुना.

अशा घरांचा घात सिमेंटच्या गिलाव्याने होतो. लाकूड हलते, गिलाव्याला बारीक भेग पडते, तीतून शिरलेले पाणी बाहेर पडत नाही. आधी खालची तुळई कुजते, मग ओल्या ओकला भुंगा लागतो. चुना ही ओल उडू देतो.