द्राक्षं ‘व्हेरी स्वीट’ असू द्या, ‘टू स्वीट’ नको

‘व्हेरी’ सगळ्यांना येतं. खूप, फार, विशेषणाआधी लावलं की झालं. घोळ घालतो तो दोन ओ असलेला ‘टू’. (वाक्याच्या शेवटी येऊन ‘सुद्धा’ म्हणणारा ‘टू’ वेगळा, त्यात कुणी फसत नाही.) ‘व्हेरी’चा जोर अपुरा वाटला की त्याचा थोरला भाऊ म्हणून ‘टू’ आणायचा, ही खोड नाशिकच्या निर्यातदारांच्या ईमेलमध्येही दिसते.

‘व्हेरी’ नुसतं प्रमाण सांगतो. ‘टू’ तक्रार करतो: हद्द ओलांडली. ‘अवर ग्रेप्स आर टू स्वीट’ लिहिलंत, तर रॉटरडॅमचा खरेदीदार वाचतो की माल नको इतका गोड आहे. आपल्याच हाताने आपल्या द्राक्षांना नावं ठेवली!

ही हद्द कामावर ठरते. थॉमसन ही खायची द्राक्षं १८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) छान गोड. पण वाइनच्या द्राक्षांची जात शिराझ १८ ब्रिक्सला तोडली, तर रेड वाइन करणारा तिची साखर ‘टू लो’ म्हणेल, कारण तेवढ्या साखरेतून त्याला हवं तेवढं अल्कोहोल निघत नाही. आकडा एकच, काम वेगळं. म्हणून ‘टू’ लिहिलात की ‘कशासाठी जास्त?’ असं विचारा. उत्तर सुचत नसेल तर ‘टू’ खोडा.

ते उत्तर पुष्कळदा वाक्यातच असतं: ‘धिस क्रेट इज टू हेवी टू लिफ्ट’. उचलवत नाही, हा नकार ‘टू’च्या पोटातच आहे. ‘टू हेवी दॅट आय कान्ट लिफ्ट इट’ हे चूक. ‘दॅट’ हवंच असेल तर आधी ‘सो हेवी’ घ्या. ‘टू हेवी टू नॉट लिफ्ट’ने तर अर्थच उलटतो.

‘टू मच रेन’, ‘टू मेनी क्रेट्स’ हे शाळेत झालंय. ‘टू मच हेवी’ मात्र अजून ऐकू येतं. ते ‘मच टू हेवी’ असं हवं.

‘यू आर टू काइंड’ हा शिष्टाचार, तो चालतो. मित्राला ‘टू गुड’ म्हणा, कोण अडवतंय? खरेदीदाराच्या पत्रात मात्र नको. तिथे मला ‘व्हेरी’सुद्धा पोकळ वाटतो. सरळ ब्रिक्स लिहा, मण्याचा आकार मिलिमीटरमध्ये द्या.